एक सही करा : जुन्या कॉम्प्युटर-कन्सोलांचे हक्क बाळगून असलेल्या कंपन्यांना खुले पत्र

जुन्या होम कॉम्प्युटरांचे, कन्सोलांचे आणि त्यांवरच्या गेमचे हक्क ज्यांच्या ज्यांच्या तिजोरीत आहेत, अशा सर्व कंपन्यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, 1985 साली बाजारात आलेला एखादा गेम अमेरिकेतल्या कायद्याप्रमाणे सर्वांसाठी मोकळा होईल तो 1 जानेवारी 2081 रोजी. कंपनीच्या नावावर असलेल्या कामाला तिथे प्रकाशनापासून 95 वर्षांचं संरक्षण आहे. त्या तारखेला त्या गेमची मूळ फ्लॉपी वाचता येईल, किंवा तो ज्या यंत्रासाठी लिहिला ते यंत्र तेव्हाही धड चालत असेल, अशी पैज तुमच्याकडचा एकही इंजिनिअर लावणार नाही. मधली इतकी वर्षं हे सगळं जिवंत ठेवायचं, तर आजच्या घडीला एकच मार्ग आहे: जुन्या यंत्राचं वागणं नव्या यंत्रावर जसंच्या तसं उभं करणं. म्हणजे एम्युलेशन. आणि नेमक्या त्याच वाटेवर तुमच्यातले बरेचजण ‘प्रवेश बंद’ची पाटी लावून बसले आहेत.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या वकिलांचा जीव टांगणीला लागायला नको. सगळे गेम फुकट वाटा असं मी म्हणत नाही. जी यंत्रं तुम्ही स्वतः कधीच बनवणार नाही, त्यांच्या पोटातली सिस्टिम रॉम (यंत्र चालू करणारा, चिपमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्रॅम) एम्युलेटरसोबत वाटायला लेखी परवानगी द्या. गोदामात पडलेली त्या यंत्रांची तांत्रिक कागदपत्रं बाहेर काढा. आणि ग्रंथालयं, अभिलेखागारं यांच्या वाटेतून जरा बाजूला व्हा. बस.

हे जगावेगळं नाही. झेडएक्स स्पेक्ट्रम या 1980 च्या दशकातल्या ब्रिटिश होम कॉम्प्युटरचंच बघा. 1986 साली ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा विकत घेतला, तेव्हा स्पेक्ट्रमच्या रॉमचे हक्कही तिच्याकडे आले. ही रॉम 16 किलोबाइटची. बेसिक भाषा, कीबोर्ड वाचणं, कॅसेटवरून प्रोग्रॅम उचलणं, सगळं तिच्यात. ती नसेल तर स्पेक्ट्रमचा एम्युलेटर सुरू होऊन करणार काय? 1999 साली ॲमस्ट्रॅडच्या वतीने तिथल्या एका कर्मचाऱ्याने जाहीर लिहून टाकलं: एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी ही रॉम खुशाल सोबत द्यावी, तिच्यातला कॉपीराइटचा मजकूर पुसू नये, परवानगी आम्ही दिली आहे आणि हक्क आमच्याकडेच आहेत अशी नोंद करावी, आणि रॉमचे वेगळे पैसे लावू नयेत.

झालं! त्या चार ओळींवर गेली पंचवीस वर्षं स्पेक्ट्रमचे एम्युलेटर निर्धास्तपणे लिहिले, वाटले आणि वापरले जात आहेत. हक्क कुठे गेले नाहीत. आणि ‘फुकट दिलं की बाजार मरतो’ हे पालुपद ज्यांना प्रिय आहे त्यांच्यासाठी: 2024 साली त्याच स्पेक्ट्रमची नवी आवृत्ती, रबरी बटणांसकट, दुकानांत विकायला आली. तिच्या आत जुनी चिप नाही, एम्युलेटरच आहे. ज्याची रॉम आणि ज्याचे एम्युलेटर इतकी वर्षं चकटफू मिळत होते, ते यंत्र लोकांनी पैसे मोजून घेतलं. ज्या 1999 मध्ये ॲमस्ट्रॅडने ही परवानगी दिली, त्याच साली हॅस्ब्रोने अटारी जॅग्वार कन्सोलच्या हार्डवेअरवरचे आपले हक्क सोडून दिले. मायक्रोसॉफ्टने जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेचा मूळ सोर्स कोड 2020 मध्ये आणि एमएस-डॉस 4.00 चा 2024 मध्ये खुला केला. या कंपन्या काही धर्मादाय संस्था नव्हेत. या कागदांतून आता कमाई नाही आणि ते अडवून ठेवण्यातही काही राम नाही, एवढा हिशेब त्यांना जमला.

तुमचा हिशेब मात्र मला कळत नाही, कारण एम्युलेशनचा सगळ्यात मोठा धंदा तुम्हीच करता. 2016 मध्ये निन्टेंडोने आपल्या जुन्या एनईएस कन्सोलचा छोटा अवतार, एनईएस क्लासिक, काढला. त्याच्या आत 1980 च्या दशकातली एकही चिप नव्हती. लिनक्स होतं आणि त्यावर कंपनीच्याच युरोपातल्या तुकडीने लिहिलेला एम्युलेटर. 2018 मध्ये सोनीने प्लेस्टेशन क्लासिक आणला. त्यात तर चाहत्यांनी हौसेने लिहिलेला, मुक्त परवान्याचा पीसीएसएक्स रीआर्म्ड हा एम्युलेटरच बसवला होता. परवान्याच्या चौकटीत राहून वापरला, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. उलट अभिमान आहे. पण त्या डबीतल्या 20 गेमपैकी 9 गेम 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 फ्रेमच्या, युरोपीय आवृत्तीचे निघाले. सेकंदाला 60 फ्रेमच्या हिशेबाने रचलेला मारामारीचा गेम 50 वर चालवला की खेळाडूचा हात पुढे धावतो आणि पडद्यावरचा पैलवान रेंगाळतो. एम्युलेटर वापरणाऱ्या कुठल्याही पोराने ही गोष्ट पहिल्या मिनिटाला सांगितली असती. विचारलं असतं तर.

तेव्हा तुम्ही विकलं तर वारसा, आम्ही चालवलं तर चोरी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हेच झालं की!

कायद्याच्या अंगाने हा प्रश्न अमेरिकेत तरी केव्हाच सुटलेला आहे. कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने मॅकवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारा एम्युलेटर काढला, सोनी कोर्टात गेली, आणि 2000 साली अपील कोर्टाने सांगितलं की यंत्र कसं चालतं हे समजून घेण्यासाठी त्याच्या बायोसच्या, म्हणजे त्याच सिस्टिम रॉममधल्या कोडच्या, मधल्या प्रती काढणं हा रास्त वापर आहे. पुढे सोनीने तो एम्युलेटरच विकत घेऊन बंद केला. ब्लीम नावाचा दुसरा असाच एम्युलेटर कोर्टात टिकला, पण खटल्यांच्या खर्चाने त्याची कंपनी बुडाली. थोडक्यात, एम्युलेटर लिहिणं बेकायदा नाही. फक्त ते लिहिणाऱ्याला रात्री झोप लागू नये एवढी व्यवस्था आहे. (सध्या बाजारात विकल्या जाणाऱ्या कन्सोलच्या एम्युलेटरवरून जी भांडणं चालतात, त्यात मी इथे पडत नाही. तो चालू धंद्याचा मामला आहे. मी बोलतोय ते तुम्ही वीस-तीस-चाळीस वर्षांपूर्वी बनवणं थांबवलेल्या यंत्रांबद्दल.)

आता जरा आमच्या बाजूचं काम काय असतं ते सांगतो. कारण तुमच्या पत्रकांत ते ‘गेम कॉपी करण्याचं साधन’ एवढ्यावर उरकलेलं असतं, आणि ते वाचून हसावं की रडावं कळत नाही.

सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. पडद्याच्या वरच्या पट्टीत गुण, नाणी, वेळ हे सगळं जागच्या जागी असतं आणि खालचं जग सरकत असतं. एनईएसच्या चित्र काढणाऱ्या चिपला, म्हणजे पीपीयूला, पडदा दोन भागांत वाटून द्यायची सोय नाही. मग गेम लिहिणाऱ्यांनी काय केलं? वरच्या पट्टीतल्या नाण्याच्या चित्राच्या तळाशी एक स्प्राइट, म्हणजे पडद्यावर सुटं हलवता येणारं छोटं चित्र, लपवून ठेवला, शून्य क्रमांकाचा. टीव्हीतला किरण पडदा रंगवत रंगवत त्या जागी पोचला आणि त्या स्प्राइटचा ठिपका मागच्या चित्राच्या ठिपक्यावर आला की पीपीयू एक खूण वर करते. प्रोसेसर तोवर दुसरं काही न करता त्या खुणेकडे डोळे लावून एकाच जागी फिरत असतो. खूण दिसली की तो स्क्रोलची किंमत बदलतो आणि तिथून खालचा पडदा सरकलेला दिसतो. पीपीयूचे तीन ठिपके होतात तेवढ्यात प्रोसेसरचा एक ठोका (त्याच्या कामाचं सर्वांत छोटं माप) पडतो, आणि 341 ठिपक्यांची एक ओळ. हे गणित एम्युलेटरमध्ये ढिलं पडलं की पट्टी थरथरते, मधूनच फाटते. आणि ती खूण वर करायचीच राहून गेली तर गेम तिथेच थिजतो; मारिओ जागचा हलत नाही.

अशी जादू प्रत्येक यंत्रात आहे. कमोडोर 64 मध्ये अक्षरांची माहिती आणण्यासाठी चित्राची चिप दर आठव्या ओळीला प्रोसेसरला गप्प बसवते. युरोपीय यंत्रात एका ओळीला 63 ठोके मिळतात, त्यातले 40 अशा ओळीवर गायब होतात. पुढे लोकांनी या अडचणीचाच फायदा घेतला. ती ओळ भलत्याच वेळी मुद्दाम घडवून आणली की चिप गोंधळते आणि चित्र हवं तिकडे सरकवता येतं, जे माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही. अटारी 2600 मध्ये तर मेमरी अवघी 128 बाइट. पूर्ण चित्र साठवायला जागाच नाही, म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक ओळ किरण तिथे पोचताना जागच्या जागी घडवतो, ओळीला 76 ठोक्यांच्या आत. तिथे एम्युलेटर एका ठोक्याने चुकला तरी विमानाचा पंख दुसऱ्या जागी उगवतो.

आवाजाची कथा याहून छळवादी आहे. कमोडोर 64 ची सिड चिप अर्धी डिजिटल, अर्धी ॲनालॉग. तिच्यातला फिल्टर कारखान्यातून बाहेर पडतानाच प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असायचा. त्यामुळे संगीतकाराने आपल्या यंत्रावर बेतलेला सूर शेजारच्या यंत्रावर बोदा वाजायचा. मग ‘हुबेहूब’ म्हणजे नेमका कोणत्या चिपसारखा? शिवाय 6581 या पहिल्या आवृत्तीत आवाजाची पातळी बदलली की ‘टक्’ असा आवाज यायचा. हा दोष. लोकांनी तोच भराभर बदलून त्यातून माणसाचे बोल आणि ढोल वाजवले. 8580 या नंतरच्या आवृत्तीत तो दोष दूर झाला आणि जुन्या गेममधले ढोल जवळजवळ ऐकू येईनासे झाले. म्हणून चांगला एम्युलेटर तुम्हाला विचारतो, कोणती सिड हवी? दोषासह की दोषाविना? दोष जपणं हे आमचं अर्धं काम आहे.

सुपर एनईएसचा मुख्य प्रोसेसर फार तर 3.58 मेगाहर्ट्झवर चालायचा. 2011 च्या सुमारास त्याचा सर्वांत काटेकोर एम्युलेटर नीट चालायला साधारण 3 गिगाहर्ट्झचा कॉम्प्युटर लागत असे. लोक चिडायचे की एवढ्याशा जुन्या डबड्याला इतकी ताकद कशाला? कारण त्या डबड्यात वेगवेगळ्या चिपा एकाच वेळी आपापल्या ठेक्यावर चालतात. सगळ्यांना एका प्रोसेसरवर बसवून, प्रत्येक ठोक्याला ‘आता कोण कुठे आहे’ हे पडताळत पुढे सरकायचं तर दमछाक होणारच. त्यात काही कार्ट्रिजमध्ये स्वतंत्र गणिती चिप. सुपर मारिओ कार्टमध्ये होती तशी. तिच्या आतला प्रोग्रॅम बाहेरून वाचता येत नाही. शेवटी लोकांनी पदरचे पैसे घालून अशा चिपा मिळवल्या, आम्लाने त्यांचं आवरण जाळलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून त्यांतले बिट वाचले.

हे सगळं तुमच्या कपाटातल्या एखाद्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. कदाचित अजूनही असेल. तुमच्या माणसाने एक दुपार मोडली असती तर आमची ती आम्लाची बाटली वाचली असती. तीच फाइल मी आज मागतोय.

आणि ‘कदाचित असेल’ हे शब्द मी जपून वापरतोय, कारण तुमच्या कपाटांवर फारसा विश्वास ठेवावा अशी परिस्थिती नाही. 2012 साली सायलेंट हिलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाची नवी एचडी आवृत्ती निघाली, तेव्हा ती करणाऱ्यांना गेमचा अंतिम कोडच मिळाला नाही. हाती आला तो अर्धवट टप्प्यातला, आणि जे दोष मूळ गेममध्ये निस्तरले गेले होते ते पुन्हा निस्तरत बसावं लागलं. ज्या वस्तूवर तुमचा इतका हक्क, तिची शेवटची प्रत तुमच्याकडे नाही! याउलट प्रिन्स ऑफ पर्शियाचे कर्ते जॉर्डन मेकनर यांचं नशीब बघा. 1989 च्या मूळ ॲपल टू गेमच्या सोर्स कोडच्या फ्लॉपी हरवल्या असं ते धरून चालले होते. 2012 मध्ये वडिलांना त्या एका खोक्यात सापडल्या. त्या वाचून द्यायला जुन्या यंत्रांच्या जतनात मुरलेली माणसं आली, आणि मेकनर यांनी तो कोड सगळ्यांसाठी खुला करून टाकला. खोकं सापडलं म्हणून. बाकीच्यांची खोकी?

काळ कसा काम करतो याचा एक नमुना तर तुमच्यापैकीच एकीने घडवलेला आहे. कॅपकॉमचे 1990 च्या दशकातले सीपीएस-2 आर्केड बोर्ड, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांतले. नक्कल होऊ नये म्हणून गेमचा कोड सांकेतिक केलेला, आणि तो उलगडायची किल्ली बोर्डावरच्या एका बॅटरीच्या जिवावर मेमरीत तग धरून. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि पडद्यावर एकरंगी शून्य. नक्कल करणाराच नव्हे, रोख पैसे मोजून बोर्ड विकत घेतलेला दुकानदारही त्याच रंगाकडे बघत बसतो. कंपनीचं या बोर्डांवरून लक्ष उडाल्यावर ते एकेक करून मरत राहिले असते. ते वाचवले कोणी? 2001 मध्ये हौशी मंडळींनी पहिल्या गेमचा उलगडलेला कोड बाहेर काढला, 2007 मध्ये संपूर्ण सांकेतिक पद्धतच फोडली गेली, आणि तीही फोडणाऱ्यांत होते निकोला साल्मोरिया, ज्यांनी 1997 साली मेम हा आर्केड यंत्रांचा एम्युलेटर सुरू केला. त्यानंतर तर मेलेल्या बोर्डात किल्ली पुन्हा भरायची युक्तीही निघाली. आज सीपीएस-2 चा खरा, मूळ, तुमच्या कारखान्यातून निघालेला बोर्ड चालू आहे तो अनेकदा या ‘चोरांच्या’ कृपेने.

बाकीची पडझड इतकी नाट्यमय नाही, पण थांबलेलीही नाही. गेम गियर या हातात धरायच्या कन्सोलमधले कपॅसिटर पाझरतात. अमिगा 500 प्लस या होम कॉम्प्युटरच्या बोर्डावरची बॅटरी फुटून शेजारचे तांब्याचे मार्ग खाते. ज्या कार्ट्रिजवर खेळाची प्रगती बॅटरीने जपलेली असते, तिथे बॅटरीबरोबर कोणाचं तरी बालपणही पुसलं जातं. पोकेमॉन गोल्डमध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवते, त्यामुळे ती आणखी लवकर जाते. कॅसेट आणि फ्लॉपीवरचे चुंबकीय थर उतरतात. स्पेक्ट्रमच्या कॅसेटचं तर नुसत्या बाइट उतरवून भागत नाही. अनेक गेममध्ये नक्कल रोखण्यासाठी खास लोडर असायचे, जे बाइटपेक्षा त्यांच्यामागच्या स्पंदनांची लांबी तपासत. म्हणून जतन करणाऱ्यांनी टीझेडएक्स ही फाइल बनवली, जिच्यात ती स्पंदनंही नोंदवता येतात. फ्लॉपीच्या बाबतीत काहीजण त्याहून खाली जाऊन चुंबकीय बदलांची सरळ नोंद घेतात. या बारकाव्यांची गरज एक डाऊनलोड करून मोकळ्या होणाऱ्या फुकट्याला नसते, हे तुमच्या लक्षात येतंय ना?

आता ग्रंथालयांबद्दल. 2023 च्या जुलैमध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्क यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2010 पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने वी यू आणि 3डीएस या आपल्या कन्सोलांची ऑनलाइन दुकानं बंद केली. 2024 च्या डिसेंबरमध्ये सेगाने आपले साठाहून अधिक जुने गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून काढून टाकले. त्यातल्या मेगा ड्राइव्ह या सेगाच्या जुन्या कन्सोलवरच्या गेमच्या संग्रहाची गंमत अशी, की घेणाऱ्याला गेमची रॉम, म्हणजे कार्ट्रिजमधल्या कोडची फाइल, सरळ फोल्डरमध्ये मिळायची आणि ती आपल्या आवडीच्या एम्युलेटरमध्ये चालायची. जुना गेम विकण्याची याहून सभ्य पद्धत माझ्या पाहण्यात नाही. लोकांनी घेतलाही. तरी तो दुकानातून उचलला गेला.

या 87 टक्क्यांसाठी संशोधकांनी एवढंच मागितलं होतं, की ग्रंथालयाने जपलेला गेम अभ्यासकाला घरबसल्या, दुरून, एम्युलेटरवर बघू द्यावा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ते नाकारलं. तुमच्या संघटनेने तिथे जाऊन विरोध केला होता. लोक अभ्यासाच्या नावाखाली मजेसाठी खेळतील आणि बाजाराला धक्का बसेल, ही भीती. खेळ बघून कोणाला मजा आली तर अनर्थ! कादंबरीचा अभ्यासक रात्री ती वाचताना रंगून जातो, म्हणून ग्रंथालयाला कुलूप कोणी लावत नाही. आणि ज्या वस्तूचा बाजारच नाही, त्या बाजाराला धक्का कसा बसतो, हे मला अर्थशास्त्राच्या जाणकाराने एकदा समजावून द्यावं.

तुमची खरी अडचणही मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. एका गेममध्ये संगीत तिसऱ्याचं, गाडीचं बोधचिन्ह चौथ्याचं, सिनेमातलं पात्र पाचव्याचं, आणि मूळ प्रकाशक दोनदा विकला गेलेला. सगळ्यांच्या सह्या गोळा करेपर्यंत उत्साह मावळतो. मान्य. म्हणूनच मी गेमपासून सुरुवात करत नाहीये. सिस्टिम रॉममध्ये असली गुंतागुंत फार कमी. ती बऱ्याचदा तुमच्याच माणसांनी, तुमच्याच पगारावर, तुमच्याच यंत्रासाठी लिहिलेली आहे. हार्डवेअरची त्या काळातली पेटंट तर केव्हाच संपली. उरला तो काही किलोबाइटचा कोड आणि त्यावरची तुमची सही.

एम्युलेटरने सगळंच भरून निघतं असा माझा दावा नाही. मेगा ड्राइव्हवर सॉनिकच्या धबधब्यामागचं दृश्य दिसायचं ते उभ्या रेघा एकाआड एक काढून. जुन्या टीव्हीच्या केबलमध्ये त्या विरघळून पाणी पारदर्शक वाटायचं. आजच्या स्वच्छ पडद्यावर त्या रेघा नुसत्या रेघाच दिसतात, आणि मग विरघळण्याचंही एम्युलेशन करावं लागतं. एनईएसची बंदूक किरणाचा प्रकाश टिपायची, ती आजच्या पडद्यावर काही केल्या नेम धरत नाही. बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंतचा उशीर हा तर आमच्यातला कायमचा भांडणाचा विषय. ज्याला मूळ यंत्राचाच अनुभव हवा, तो मूळ यंत्र शोधेलच. तुमच्या विक्रीला आमचा धोका म्हणाल तर तो एवढाच, की तुमची पुढची छोटी डबी आमच्या एम्युलेटरपेक्षा बरी चालायला हवी.

2024 च्या एप्रिलमध्ये ॲपलनेही आपल्या ॲप स्टोअरमध्ये जुन्या कन्सोलचे एम्युलेटर येऊ दिले. आता हे कोणा चार हौशींचं अंधारातलं काम राहिलेलं नाही. ते कोणाच्याही खिशातल्या फोनवर आहे. ते होणारच आहे. तुमच्या परवानगीने झालं तर तुमचं नाव, तुमची नोंद, तुमच्या इंजिनिअरांचं श्रेय त्यात टिकेल. त्या इंजिनिअरांतले बरेचजण आता निवृत्त आहेत. अमुक रजिस्टरमधला सातवा बिट कशासाठी होता हे विचारायला उद्या कोणी उरणार नाही.

तेव्हा या तिमाहीत एवढं करा. कायदा विभागातल्या कोणालातरी ॲमस्ट्रॅडचं ते 1999 चं पत्र वाचायला द्या. त्यात कंपनीचं आणि यंत्राचं नाव बदललं की मसुदा तयार आहे. गोदामाच्या यादीत ‘जुनी माहितीपुस्तिका, चिप, आराखडे’ असं काही आढळलं तर ते रद्दीत जाण्याआधी स्कॅन करा. स्कॅन तिरका आला, पानांवर चहाचे डाग असले, मागचं पान आधी आणि पुढचं नंतर लागलं, तरी चालेल. आम्ही सरळ करून घेऊ. आम्ही चिपा आम्लात घालून वाचल्यात, तुमचं हस्ताक्षरही वाचू.

कळावे,

आपला,
जुन्या यंत्रांच्या एम्युलेटरमध्ये हौसेने हात घालणारा एक वापरकर्ता